सरावाची जागा

नकाशावर शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईपासून फार दूर वाटत नाहीत. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जाणारी मध्य रेल्वे धावते, मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि आता समृद्धी महामार्गही जातो. मुरबाडला रेल्वे पोचलेली नसली तरी तिथून कल्याण तीसेक किलोमीटरवर आहे. परंतु हेच अंतर अडलेल्या बाळंतिणीच्या किंवा मण्यार चावलेल्या मुलाच्या बाजूने मोजले, तर ते कितीतरी वाढते. डोळखांबच्या पलीकडचा पाडा असो की टोकावड्याच्या पुढची, माळशेजच्या पायथ्याची ठाकर-कातकऱ्यांची वस्ती असो, पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता तुटतो आणि रुग्णाला डोली करून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते. तिथून १०८ची गाडी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय. तिथेही जमले नाही तर ‘पुढे न्या’ : उल्हासनगर, कळवा, ठाणे, शीव, परळ. या साखळीच्या प्रत्येक कडीवर एखादा डॉक्टर किंवा एखादी सिस्टर उभी असते, आणि हे आपल्या हातून होईल की नाही, हे तिला काही क्षणांत ठरवायचे असते. ‘होईल’ म्हणण्याचे बळ केवळ वाचनाने येत नाही. ते काम हाताखालून आधी कितीदा गेले आहे, यावर ते अवलंबून असते. शस्त्रक्रियेच्या आभासी सरावावर जगभर जे संशोधन चालले आहे, त्याची ओळख करून देताना मी मुद्दाम इथून सुरुवात करतो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या संशोधनाची गरज सर्वांत जास्त अशा तालुक्यांना आहे, आणि ते या तालुक्यांच्या गरजेच्या मापाने घडले नाही तर त्याचे अर्धे मोल वाया जाईल.

आधी या तंत्राचे स्वरूप पाहू. ‘आभासी वास्तव’ म्हटले की डोळ्यांवर चढवायचा हेडसेट आठवतो, पण शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात हे तंत्र रुळले तेव्हा हेडसेट त्याचा मुख्य भाग नव्हता. अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सक रिचर्ड सटावा यांनी १९९३ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेचा संगणकीय नमुना मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्यातले अवयव व्यंगचित्रासारखे दिसत. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी जी यंत्रे आली त्यांत एक पडदा आणि खऱ्या हत्यारांसारख्या दोन मुठी एवढेच असे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन तसाही रुग्णाच्या पोटात न पाहता पडद्यावरच पाहत असतो, त्यामुळे ही नक्कल तिथे चपखल बसली. २०१२ नंतर खेळांच्या बाजारपेठेमुळे हेडसेट स्वस्त झाले आणि संपूर्ण शस्त्रक्रियागृह डोळ्यांसमोर उभे करणे शक्य झाले. मात्र दृश्य उभे करणे हा या कामाचा सोपा भाग आहे. सेकंदाला साठ-नव्वद चित्रे दाखवली की डोळ्यांना हालचाल अखंड वाटते. हाताला खरा स्पर्श वाटायचा तर दाबाचे गणित सेकंदाला सुमारे हजार वेळा करावे लागते. त्यातच ऊती ताणली जाते, फाटते, तिच्यातून रक्त येते, आणि प्रत्येक वेळी तिचा आकार नव्याने काढावा लागतो. म्हणून स्पर्शाची नक्कल हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न ठरला आहे. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत प्रा. एम. मणिवण्णन यांच्या प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या आयआयटीत प्रा. सुभासिस चौधुरी यांच्या गटाने स्पर्शाच्या या विज्ञानावर काम केले आहे. म्हणजे या विद्येसाठी आपण पूर्णपणे परदेशावर अवलंबून आहोत, असे समजण्याचे कारण नाही.

यंत्र नवे असले तरी त्यामागचा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय पूर्णपणे सरावाला वाहिलेला आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांसारख्या फळांवर करावा, शिवण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर करावा, पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करावा, असे त्यात क्रमाने सांगितले आहे. शास्त्र कितीही ऐकले असले तरी ज्याने असा सराव केलेला नाही, तो कामाला अयोग्य, हे त्या अध्यायाचे सूत्र आहे. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे या सुईणीने कापड आणि कापूस वापरून बाळंतपणाचा एक पुतळा बनवला, आणि राजाच्या आज्ञापत्राच्या जोरावर अनेक वर्षे गावोगाव फिरून त्यावर खेड्यांतल्या हजारो सुइणींना शिकवले. ही दुसरी गोष्ट आज अधिक महत्त्वाची वाटते. नकली शरीरावर सराव देण्याचा आधुनिक काळातला पहिला मोठा सरकारी प्रयत्न पॅरिसच्या रुग्णालयांसाठी नव्हता. जिथे शिकलेला माणूस पोचत नव्हता त्या खेड्यांसाठी होता. सराव माणसाकडे गेला होता, माणसाला सरावाकडे बोलावले नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हीच कल्पना संगणकाच्या अंगाने परत आली, तेव्हा तिने बस्तान मात्र मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत बसवले. ते का झाले हे समजते. पैसा आणि संशोधक तिथेच होते. पण ते तसेच राहावे, असे ठरवून टाकण्यासारखे त्यात काही नाही.

नकली शरीरावर शिकण्याची निकड का निर्माण झाली, याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. ग्रामीण स्त्रियांना दुर्बीण तोवर वेगळ्या वाटेने ठाऊक झाली होती. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतले ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ याच साधनाने होत असे. पित्ताशयाची नवी पद्धत जगभर झपाट्याने पसरली, कारण रुग्ण दोन दिवसांत घरी जाऊ लागला. मात्र जुन्या पद्धतीत मुरलेले सर्जन या पद्धतीत नवशिके होते, आणि पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण सुरुवातीच्या काळात उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले. १९९५ मध्ये अमेरिकेत ५५ सर्जनांच्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पित्तनलिकेच्या इजांपैकी नव्वद टक्के इजा त्या त्या सर्जनच्या पहिल्या तीस शस्त्रक्रियांतच झाल्याचे आढळले. पहिल्या शस्त्रक्रियेत इजेचा संभव १.७ टक्के, तर पन्नासाव्यात ०.१७ टक्के, असे अभ्यासकांचे गणित होते. म्हणजे पहिल्या रुग्णाचा धोका पन्नासाव्याच्या दहापट. पण त्या पहिल्या रांगेत कोण असतो? सरकारी आणि पालिकेच्या शिक्षण-रुग्णालयांवर उपचारासाठी अवलंबून असणारा माणूस, म्हणजे बहुतेक वेळा शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणाहून आलेला गरीब. त्याच्या शरीरावर शिकलेला हात पुढे खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याच्या उपयोगी पडतो. यात कोणा एका डॉक्टरचा दोष नाही. शिकण्याची दुसरी जागाच उपलब्ध नव्हती. सिम्युलेटर, म्हणजे सरावाचे नकली यंत्र, ती दुसरी जागा देतो, आणि म्हणून मला तो प्रथम न्यायाचा प्रश्न वाटतो, तंत्राचा नंतर.

ही दुसरी जागा खरोखर उपयोगी पडते का, याचे पुरावे आता पुरेसे आहेत. येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना आभासी सराव दिला, तोही ठरावीक तास नव्हे, तर तज्ज्ञाच्या पातळीइतके गुण मिळेपर्यंत. नंतर खऱ्या रुग्णाचे पित्ताशय सोडवताना या गटाला २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्या गटात पित्ताशयाला इजा करण्याचा किंवा नको ती ऊती जाळण्याचा संभव पाचपट होता. डेन्मार्कमध्ये २४ स्त्रीरोग-प्रशिक्षणार्थींवर झालेला अभ्यास २००९चा आहे. दुर्बिणीने बीजवाहिनी काढण्याच्या शस्त्रक्रियेला आभासी सराव केलेल्यांना साधारण १२ मिनिटे लागली, इतरांना २४. आणि पहिल्या गटाचे कौशल्य वीस ते पन्नास शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरइतके भरले. ब्रिटनमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांच्या हातून भिंगाच्या पिशवीची मागची बाजू फाटण्याचे प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होते, ते २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आले. याच काळात तिथे डोळ्याचे आभासी सिम्युलेटर पसरले होते. शेवटचा पुरावा निरीक्षणाचा आहे, पहिल्या दोन्हींत माणसे थोडी आहेत. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या अवयवांवर, वेगवेगळ्या पद्धतीने पाहिले असता उत्तर एकाच दिशेला जाते. या अभ्यासांतली आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाभ यंत्राजवळ बसल्याने झाला नाही. हाताची हालचाल किती सरळ, किती वायफळ, चूक कुठे झाली हे मोजले गेले आणि ठरवलेली पातळी गाठेपर्यंत सोडले नाही, म्हणून झाला. आपल्याकडे अनुभव मोजायची रीत ‘इतकी वर्षे काम केले’ अशी आहे. सिम्युलेटर त्या जागी ‘इतके येते’ हे माप ठेवतो.

इथपर्यंतचा युक्तिवाद बहुतेक संशोधक मान्य करतील. माझा मुद्दा पुढचा आहे. येल किंवा कोपनहेगनच्या प्रशिक्षणार्थीला सिम्युलेटर नसता तरी वर्षभरात शेकडो रुग्ण मिळालेच असते. सिम्युलेटरने त्याच्या शिकण्याची सुरुवात सुरक्षित केली एवढेच. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची अडचण निराळी आहे. त्याच्यापुढे येणारा सर्वांत जीवघेणा प्रसंग हा सर्वांत दुर्मिळही असतो. बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा अडकला, तर हातात काही मिनिटे असतात. असा प्रसंग एखाद्या सिस्टरच्या वाट्याला कित्येक महिन्यांतून एकदा येईल, आणि कधी येईल हे सांगता येत नाही. मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास बंद पडू लागला की नळी घालावी लागते. भातलावणीच्या दिवसांत हे घडू शकते, पण रोज घडत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावरचा गर्डर बसवण्याचा सांगाडा रात्री कोसळून २० जणांचा बळी गेला. अशा रात्री जवळच्या रुग्णालयाला कोणाला आधी हात लावायचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा अनुभव तिथे कोणाकडेच रोजचा नसतो. महानगरात संख्या माणसाला शिकवते. इथे संख्या नाही, आणि संकट मात्र तेवढेच मोठे आहे. जिथे प्रत्यक्ष अनुभव पुरेसा मिळूच शकत नाही, तिथे नकली अनुभव ही दुय्यम सोय राहत नाही. शिकलेले टिकवण्याचा तो एकमेव मार्ग ठरतो.

याला भक्कम आधार आहे. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात खांदा अडकण्याच्या प्रसंगाचा सराव सगळ्या प्रसूती कर्मचाऱ्यांना पुतळ्यावर दिला गेला. त्यानंतर अशा प्रसंगांत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याहून बोलका पुरावा टांझानियातल्या हायडोम या ग्रामीण रुग्णालयाचा आहे. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण तिथे दिले गेले. कर्मचाऱ्यांची पुतळ्यावरची कामगिरी सुधारली, परंतु प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळच्या वागण्यात फरक पडला नाही. मग पद्धत बदलली. आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव प्रसूतिगृहाशेजारीच, आणि महिन्याला चाळीस मिनिटांची उजळणी. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. पुतळा तोच होता, कर्मचारीही तिथलेच होते. बदलली ती सरावाची जागा आणि वारंवारता. आपल्या आरोग्ययंत्रणेने प्रशिक्षणाची जी सवय लावून घेतली आहे, तिच्यावरची ही नेमकी टीका आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी बोलावणे, दोन दिवस भाषणे, प्रमाणपत्र आणि परत. एमबीबीएस डॉक्टरांना सिझेरियन आणि भूल शिकवण्याचे सोळा-अठरा आठवड्यांचे कार्यक्रम देशात झाले. कल्पना उत्तम होती, पण शिकून आलेल्यांपैकी अनेकांनी परतल्यावर ते कौशल्य वापरलेच नाही. कारणांत साधनांचा अभाव होता, नेमणुकांचा घोळ होता, आणि एकट्याने करायचा धीर नसणे हेही होते. आयुष्य वाचवण्याची कौशल्ये सरावाविना काही महिन्यांतच बोथट होतात, हे पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणाबाबत वारंवार दिसले आहे.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणारे बहुधा याच भागात काम केलेले असतात. ते विचारतात : भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, रक्तपेढी लांब, सोनोग्राफीसाठी तारीख, पावसाळ्यात वीज जाते, आणि तुम्ही आभासी शस्त्रक्रियेच्या गोष्टी करता? दोन्ही तालुके मिळून २०११च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास लोकसंख्या होती. एवढ्या लोकांना आधी सर्जन द्या, मग त्याला सराव द्या. या आक्षेपातला प्रत्येक तपशील खरा आहे, आणि सिम्युलेटर घेतला म्हणून पद भरले नाही तर चालेल, असे कोणी म्हणेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु पदे रिकामी राहण्याच्या कारणांत एकटेपणाचे कारण मोठे आहे. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या तरुण डॉक्टरला वरिष्ठांचा हात पाठीवर नसतो, काही बिघडले तर नातेवाइकांचा रोष अंगावर येतो, आणि शहरात राहिलेले सहाध्यायी कौशल्यात पुढे जात असताना आपण मागे पडतो आहोत ही टोचणी असते. ‘पुढे न्या’ या दोन शब्दांत आळसापेक्षा भीती जास्त असते. जो डॉक्टर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्याच्या पायऱ्या महिन्यातून एकदा आपल्या सिस्टरबरोबर करून पाहतो, तो किमान रुग्णाला पुढे पाठवण्याआधी तिला स्थिर तरी करील. गाडीतल्या दीड-दोन तासांत जीव राहील की जाईल, हे अनेकदा त्या पहिल्या पंधरा मिनिटांवर ठरते. रक्तपेढी आणि सराव यांत निवड करायची वेळ आली तर रक्तपेढीच निवडावी. मात्र त्या दोन्हींचा खर्च इतका वेगळा आहे, की ही निवड करावी लागेल असे समजण्याला आधार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पूर्ण आभासी सिम्युलेटर लाखोंच्या घरात जातो, आणि त्याची देखभाल वेगळी. शिवाय दुर्बिणीचे प्राथमिक कौशल्य शिकवण्यात कॅमेरा लावलेली साधी पेटी आणि महागडे आभासी यंत्र यांत फार मोठा फरक पडत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसत आले आहे. हा आक्षेप मी केवळ मान्यच करत नाही, तर तो माझ्या बाजूचा समजतो. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिंबाब्वे या देशांत ५० प्रशिक्षणार्थींवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनटाक्याच्या छोट्या छेदाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिकण्यासाठी त्यातल्या निम्म्यांना पाच दिवस कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला. पुढच्या वर्षभरात त्यांच्या हातून भिंगाच्या पिशवीची मागची बाजू फाटण्याचे प्रमाण ७.८ टक्के राहिले, इतरांच्या हातून २६.६ टक्के. यात हेडसेट नव्हता, संगणकाची आकडेमोड नव्हती. नीट बनवलेला नकली डोळा, ठरवलेला क्रम आणि प्रत्येक हालचालीला गुण होते. म्हणून संशोधकाला विचारायचा प्रश्न ‘तुमचे यंत्र किती हुबेहूब?’ असा नसावा. ‘या कौशल्याला किती हुबेहूबपणा लागतो?’ असा असावा. टाके घालायला स्पंजचा तुकडा पुरतो, बाळंतपणाला कमरेला बांधायचा पुतळा पुरतो. जिथे परिस्थितीच शिकायची असते, म्हणजे एकाच वेळी तीन जखमी आले तर क्रम कसा लावायचा, रक्तस्राव चालू असताना कोणाला काय सांगायचे, तिथे हजारांच्या घरातला हेडसेट उपयोगी ठरतो. आभासी वास्तव हे सरावाच्या मोठ्या पेटाऱ्यातले एक साधन आहे, आणि ज्याला ते कुठे वापरू नये हे कळते, त्याच्याच हाती ते शोभते.

तिसरा आक्षेप जुन्या पिढीतल्या शल्यविशारदांचा. मांसाचा स्पर्श मांसालाच असतो, चिकटलेली आतडी सोडवताना बोटांना जे कळते ते यंत्र शिकवू शकत नाही, आणि पडद्यावर यशस्वी झालेला तरुण खऱ्या पोटात फाजील आत्मविश्वासाने शिरेल. पहिला भाग आजच्या घडीला खरा आहे. उघड्या पोटाच्या शस्त्रक्रियेची नक्कल दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ मागे आहे, आणि त्यामुळे खऱ्या रुग्णाजवळ वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकण्याला पर्याय नाही. पण फाजील आत्मविश्वासाचा दोष सरावाच्या माथी मारणे योग्य वाटत नाही. तो दोष न मोजता दिलेल्या प्रमाणपत्राचा आहे. जे यंत्र प्रत्येक चूक नोंदवते आणि पातळी न गाठणाऱ्याला पुढे जाऊ देत नाही, ते खोटा विश्वास वाढवण्याऐवजी आपली उणीव दाखवून देते. अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे ती उणीव कोणापुढे उघडी होते. गुण वरिष्ठांना शिक्षेसाठी कळवले गेले, तर डॉक्टर आणि सिस्टर त्या खोलीकडे फिरकणार नाहीत. ते आधी शिकणाऱ्यालाच आपले म्हणून कळले, तर ती खोली वापरात राहील. हा निर्णय तंत्रज्ञाचा नाही, प्रशासनाचा आहे, आणि तो चुकला तर सर्वोत्तम यंत्रही कपाटात धूळ खात पडेल.

या सगळ्यातून संशोधनापुढे एक स्पष्ट काम उभे राहते. २०१५ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने रुग्णालयाच्या क्षमतेच्या तीन खुणा सांगितल्या : सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरचा उपचार, आणि त्या रुग्णापासून दोन तासांच्या आत असाव्यात, असे म्हटले. आभासी प्रशिक्षणाच्या बाजारात मात्र गर्दी आहे ती दुर्बिणीच्या आणि यंत्रमानवी शस्त्रक्रियांची, कारण विकत घेणारी रुग्णालये त्या करतात. शहापूरच्या मापाचा सिम्युलेटर बनवायचा तर यादी वेगळी होईल : अडलेले बाळंतपण, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत नळी घालणे, अपघातातल्या तुटलेल्या पायाला प्राथमिक आधार, हर्नियासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रिया. ग्रामीण सर्जनांच्या भारतीय संघटनेतल्या डॉ. जे. ज्ञानराज यांच्यासारख्यांनी वायू न भरता, कमरेतल्या भुलीवर करायच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा मार्ग दाखवला आहे. महागडे भूलयंत्र नसलेल्या रुग्णालयांना तो चालतो, आणि त्याचा आभासी सराव तयार करणे हे भारतीय संशोधकांचेच काम आहे. सूचना मराठीत हव्यात, विजेशिवाय काही तास आणि इंटरनेटशिवाय कायम चालायला हवे, आणि सराव एकट्या डॉक्टरचा नको. रक्तस्राव थांबवताना सिस्टर, वॉर्डबॉय, गाडीवरचा डॉक्टर आणि फोन करणारी आशा कार्यकर्ती हे सगळे एकाच कामाचे भाग असतात.

हे उभे करायला नवे काही फार निर्माण करावे लागणार नाही. २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य-प्रयोगशाळा बंधनकारक झाल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्ययंत्रणेत काम करण्याची अट २०२० च्या नियमांनी आणली. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे आणि मुंबईहून तिथे जाणारा रस्ता शहापूर तालुक्यातूनच जातो. त्या तीन महिन्यांच्या निवासी डॉक्टरांनी येताना महाविद्यालयातली सराव-साधने बरोबर आणावीत, मुरबाड-शहापूरच्या रुग्णालयांत एक खोली त्यासाठी राखावी, आठवड्यातला ठरलेला अर्धा तास सरावाला द्यावा, आणि वर्षाअखेर किती रुग्ण पुढे पाठवावे लागले, त्यांपैकी किती स्थिर होऊन गेले, याचा हिशेब मांडावा. तो हिशेब सुधारला नाही, तर सराव चुकीच्या गोष्टीचा चालला आहे असे समजून तो बदलावा. संशोधकानेही आपल्या यशाचे माप परिषदेतल्या प्रात्यक्षिकावर न ठेवता याच आकड्यांवर ठेवावे.

या संशोधनाबद्दल पुढे वाचताना वाचकाने एवढी एक कसोटी हाताशी ठेवावी. शिकणाऱ्याच्या पहिल्या चुका कुठेतरी होणारच; त्या टाळता येणार नाहीत, त्यांची जागा तेवढी निवडता येते. आजवर ती जागा गरिबाचे शरीर होती, एकदा शहरातल्या शिक्षण-रुग्णालयात आणि पुन्हा गावाकडच्या बिनसरावाच्या हाताखाली. आता त्या चुका यंत्रावर, पुतळ्यावर, नकली डोळ्यावर होऊ शकतात, हे पुराव्याने सिद्ध झाले आहे. तसे सिद्ध झाल्यानंतरही आपण सरावाची साधने फक्त महानगरात ठेवली, तर ती तंत्राची मर्यादा राहणार नाही. तो आपण जाणूनबुजून घेतलेला निर्णय ठरेल. तो निर्णय बदलण्याइतके ज्ञान आज आपल्याकडे आहे, आणि डोळखांब-टोकावड्याच्या माणसाला ते मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.